चौदा नंबरची हरकत

लेपानीने यांगोनाच्या मुळांचं पेय गाळायचं फडकं पिळून काथवटीच्या काठावर ठेवलं, तेवढ्यात वासितीने, त्याच्या भाचीने, त्याला स्वयंपाकघराच्या मागे बोलावून घेतलं. हात पुसायलाही तिने त्याला थांबू दिलं नाही. चुलीवर कसावा रटरटत होता. त्या धुरात उभं राहून तिने कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या गाठीतून दवाखान्याचा कागद काढला, त्याच्यापुढे धरला आणि पुन्हा खोचून टाकला. मामाला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण आपण तोंडाने सांगतोय ते कागदावरही आहे, एवढं त्याला दिसायला हवं होतं.

तिच्या बापाचं, साकिउसाचं, पोटाचं दुखणं अल्सरचं नव्हतं. यकृतात गाठी होत्या आणि त्या आता पसरल्या होत्या. कापण्यात अर्थ नाही, असं राजधानीतल्या, सुवाच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नाताळ धरून चालू नका, असंही सांगितलं होतं. आणि हा ऑक्टोबरचा पहिला शनिवार.

"बाबांना काही माहीत नाही, मामा," वासिती म्हणाली. "कामिनिएली शुक्रवारी येतोय ऑस्ट्रेलियाहून. तो आम्हा भावंडांत थोरला, त्यानंच सांगायचं. मी बाजूला असेन. तोवर तुम्ही नेहमीसारखं राहा. बाकी कुणाची मला भीती नाही, पण तुमच्या तोंडाकडे बघून बाबांना सगळं कळतं."

लेपानीने मान हलवली. मग, काहीतरी विचारायचं म्हणून, आज बाप यांगोना प्यायला बसणार आहे का, असं विचारलं. गेले तीन महिने पोटासाठी ती बंद होती. वासिती चुलीकडे वळली आणि म्हणाली की सकाळी मीच करवंटी भरून दिली त्यांना. आता त्यांना हवं ते घेऊ द्या, असं सांगितलंय.

तो शेडकडे परत निघाला.

साकिउसा त्याचा दूरचा आतेभाऊ. त्यात पुढे त्याने लेपानीच्या बहिणीशीच लग्न केलं, म्हणजे मेव्हणाही झाला. आमच्या फिजीत आते-मामेभावांचं नातं कसं असतं हे मुद्दाम सांगायला नको, पण ज्याला ठाऊक नाही त्याने एवढं धरून चालावं की सख्ख्या भावाशी अदबीने वागायचं, बहिणीशी तर समोरासमोर बोलायचंही नाही, आणि ही सगळी तुंबलेली वाफ आते-मामेभावावर काढायची. त्याला घालूनपाडून बोलायचं, त्याची चप्पल लपवायची, चारचौघांत त्याची लाज काढायची. त्याने रागवायचं नाही, उलट सवाई परतफेड करायची. लेपानी तर या कामात पक्का बिलंदर. सहा वर्षांपूर्वी साकिउसाची बायको, म्हणजे लेपानीची स्वतःची बहीण लोसालिनी गेली, तेव्हा कबरीच्या कडेला उभं राहून डोळे पुसत पुसत त्याने साकिउसाला म्हटलं होतं की बाई तुझ्या घोरण्याला कंटाळून गेली. साकिउसा त्या दिवशी तेवढ्या एकाच वेळी हसला होता.

शेडमध्ये मंडळी जमली होती. नेमानी मास्तर मांडीवर वही घेऊन बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, तरी वही काही सुटली नाही. त्यांच्या शेजारी बसचा ड्रायव्हर बिसेसर. त्याची शनिवारची शेवटची फेरी दुपारी दोनला संपते आणि दोन वाजून दहा मिनिटांनी तो आमच्या चटईवर असतो. आणखी सहा-सात जण होते. खांबाला पाठ टेकून, पाय लांब करून साकिउसा बसला होता. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा असा ढगळ झाला होता, आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या हाताने पुसल्यासारखा दिसत होता. हे सगळं लेपानीने कालही पाहिलं होतं. आज ते नव्याने दिसलं.

काम महत्त्वाचं होतं. स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात रेडिओवर गावागावांचे संघ वाचून दाखवतात: फिजीकडून आजवर जे जे रग्बी खेळले, त्यांतले सर्वांत थोर पंधरा. एका गावाचा एकच संघ, आणि तो एकमताने ठरलेला. सोमवारी सकाळी आमच्या गावाची पाळी होती. राखीव खेळाडू नाहीत, दोन नंबरांवर एक माणूस नाही. पंधरा म्हणजे पंधरा.

आमच्या गावात याची एक रीत पडून गेली आहे. नाव कुणीही सुचवावं. पण ज्याचं नाव निघालं त्याचा आते-मामेभाऊ तिथे हजर असेल, तर हरकत घ्यायचा पहिला मान त्याचा. त्याने उभं राहून त्या खेळाडूचे सगळे वाभाडे काढायचे. ते ऐकूनही मंडळींनी खोलगट हातांची टाळी दिली तर नाव वहीत जातं. एकही हात गप्प राहिला, तर गेलं. ही रीत बरी आहे असं मास्तर म्हणतात. स्तुती कुणीही करील, पण शिव्या ऐकून जो टिकतो तोच खरा.

पुढच्या फळीतली नावं पटापट झाली. आठ नंबरवर मात्र अर्धा तास गेला. एक बाजू नदीच्या वरच्या अंगाच्या एका दांडग्याची, ज्याने म्हणे एका सामन्यात प्रतिस्पर्धी संघाचे दोन खेळाडू अंगाला लटकलेले असताना रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला होता. दुसरी बाजू म्हणत होती की दोन नव्हते, एकच होता, आणि तोही लटकला नव्हता, त्याची बाही अडकली होती. मग परदेशी गेलेल्यांचा विषय निघाला आणि आवाज चढले. आपल्या मातीत वाढून ज्यांनी न्यूझीलंडची काळी जर्सी चढवली त्यांना घ्यायचं की नाही? मास्तर म्हणाले, ज्याने दुसऱ्याचं राष्ट्रगीत छातीवर हात ठेवून म्हटलं तो आपल्या वहीत नाही. बिसेसर म्हणाला की मास्तर, पोटामागे माणूस जातो. माझा पणजोबा बिहारातून इथे ऊस तोडायला आला, म्हणून मी कोणाच्या बाजूने ओरडायचं ते तुम्ही ठरवणार का? यावर सगळे हसले. मास्तरही हसले, पण नाव काही लिहिलं नाही.

लेपानी यांगोना ढवळत होता, करवंट्या भरून देत होता. त्याच्या तोंडून आज एकही शब्द निघाला नव्हता, आणि हे एव्हाना दोघा-तिघांच्या लक्षात आलं होतं. साकिउसाच्या लक्षात आलं असेल का, हे त्याला कळत नव्हतं, कारण तो त्या बाजूला बघतच नव्हता. करवंटी देतानाही त्याने नजर खाली ठेवली. साकिउसाने रीतीप्रमाणे एक टाळी वाजवून करवंटी घेतली, एका दमात रिकामी केली, तीन टाळ्या वाजवल्या आणि तोंड पुसलं.

"चौदा नंबर," मास्तर म्हणाले.

आणि सगळे सावरून बसले. कुणी पाय जवळ घेतले, कुणी विडी विझवली. मैदानावर खेळणारे तिघे-चौघे तरुणही शेडच्या कडेला येऊन उभे राहिले. चौदा नंबर म्हणजे उजव्या कडेने धावणारा, आणि आमच्या गावात चौदा नंबर म्हणजे साकिउसा. नऊ सामने तो देशाकडून खेळला, आणि त्याच्यासारखा पळणारा या नदीने पुन्हा पाहिला नाही. पण दहाव्या सामन्याला त्याला बोलावलं नाही, कारण नवव्या सामन्यात सुवाच्या मैदानावर त्याने रेषा ओलांडल्यानंतर चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवायच्या ऐवजी हातातून सोडला होता. देश एका गुणाने हरला. त्या गोष्टीला आता एकेचाळीस वर्षं झाली. दर वर्षी त्याचं नाव निघतं, दर वर्षी लेपानी उभा राहून हरकत घेतो, आणि ती हरकत ऐकायला पलीकडच्या गावातून माणसं येतात. साकिउसाचं नाव वहीत कधीही गेलेलं नाही.

"मी साकिउसाचं नाव सुचवतो," बिसेसर म्हणाला. दर वर्षी तोच सुचवतो. आणि मग सगळ्यांनी लेपानीकडे पाहिलं.

लेपानी उठला. काय बोलायचं हे त्याला पाठ होतं. पण तोंड उघडलं आणि समोर तो ढगळ शर्ट दिसला, आणि पुढच्या वर्षी या खांबाला कोण टेकलेलं असेल हा विचार एकदम त्याच्या डोक्यात शिरला. त्याला वाटलं, निदान एकदा. रेडिओवर एकदा तरी ह्याचं नाव ह्याच्या कानावर पडू दे.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला.

बिसेसर हसायच्या तयारीत होता. तो तसाच राहिला.

"लिहा मास्तर. चौदा नंबर साकिउसाच. दुसरा आहे कोण? त्या दिवशी मी सुवात होतो. पहिल्या अर्ध्यातच ह्याचं उजव्या हाताचं बोट मोडलं होतं, दोन ठिकाणी. मध्यंतरात मीच माझी सुलू फाडून बांधलं. बाहेर बस म्हणालो, तर म्हणाला, बदली माणसाचा गुडघा गेलाय, मी गेलो तर चौदाच उरतील. तसाच खेळला. तसाच चौघांना चुकवून रेषेपर्यंत गेला. चेंडू सुटला तो बोटामुळे. कुणाला सांगू नकोस म्हणाला, म्हणून मी आजवर सांगितलं नाही. ह्याच्याइतका चांगला..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही.

आते-मामेभावाने भावाची स्तुती करावी, तीही भरल्या बैठकीत, भरल्या गळ्याने! असं आमच्याकडे कधी करतात हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते प्रार्थनाघरात करतात, समोर शवपेटी ठेवलेली असते तेव्हा. लेपानीलाही ते त्याच क्षणी उमगलं. मास्तरांनी पेन वहीला टेकवलं होतं, पण ते लिहीत नव्हते.

"थांबा मास्तर," साकिउसा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "घाई कसली आहे. पाणी संपलंय बादलीतलं. चल रे मेव्हण्या, हात दे मला."

बादलीत पाणी होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. लेपानीने बादली उचलली, हात दिला, साकिउसा खांबाला धरून उठला, आणि दोघे अंगणापलीकडच्या नळाकडे चालत गेले. फार लांब नाही, तीस-पस्तीस पावलं. पण साकिउसा मध्ये एकदा थांबला. नळाशी पोचल्यावर लेपानीने बादली लावली आणि तोटी पूर्ण सोडली, म्हणजे पाण्याचा आवाज होईल.

"काय म्हणाली वासिती?" साकिउसाने विचारलं.

लेपानीने बादली नळाखाली नीट सरकवली.

"सकाळी तिने स्वतःहून माझ्या हातात करवंटी दिली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. म्हटलं, बरं वाटत असेल मला, म्हणून दिली. पण तू... एकेचाळीस वर्षं शिव्या घातल्यास आणि आज एकदम देव करून टाकलंस. जिवंत माणसाबद्दल कुणी असं बोलतं का?"

"मला नाही जमलं रे."

"किती?"

"नाताळ धरू नका म्हणाले."

साकिउसाने मान डोलावली, जणू कुणी बसची वेळ सांगितली होती. मग तो खाली वाकला, ओंजळीत पाणी घेऊन त्याने तोंडावर मारलं, आणि बराच वेळ हात तोंडावरून काढले नाहीत. लेपानी त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिला. त्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला फार वाटलं. पण शेडमधून सगळे बघत होते.

"पोरं शुक्रवारी सांगणार असतील," साकिउसा शेवटी म्हणाला. "कामिनिएली आल्यावर."

"हो."

"कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत असतील बिचारी. करू दे. वासितीला कळू द्यायचं नाही की मला कळलंय. तोवर मला अल्सरच आहे."

"बरं."

"आणि आता आत चल आणि हरकत घे."

लेपानीने तोटी बंद केली. बादली कधीची भरून वाहत होती. नाही होणार माझ्याकडून, असं तो म्हणाला. तुझं नाव लागू दे एकदा, मी तुझ्या पाया पडतो, असंही म्हणाला.

साकिउसा हे ऐकून चिडला. लेपानीने त्याला खरोखर चिडलेला आयुष्यात दोनदा पाहिला असेल.

"अक्कल गहाण टाकलीस का? तू हरकत घेतली नाहीस तर संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. मग बायका मयताच्या चटया घेऊन येतील, पाद्री येईल, माझ्यासमोर सगळे हळू आवाजात बोलायला लागतील. उद्यापासून माझी कुणी थट्टा करणार नाही. मला शुक्रवारपर्यंत तरी माणसांत बसू दे. नाव घेऊन काय करू मी? रेडिओला काय, उद्या दुसरं नाव मिळेल. मेव्हणा मला कुठून मिळणार दुसरा?"

मग त्याने रिकाम्या हातानेच शेडकडे चालायला सुरुवात केली. बादली लेपानीने उचलली.

परत येऊन दोघे बसले. साकिउसा खांबाला टेकला आणि म्हणाला, "मास्तर, नियम म्हणजे नियम. हरकत झालेली नाही अजून."

लेपानी दुसऱ्यांदा उठला. त्याने सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि गालातल्या गालात हसला. ते हसू त्याने कुठून आणलं हे त्याचं त्याला माहीत.

"बोट मोडलं होतं म्हणे," तो म्हणाला. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मास्तर, तुम्हीसुद्धा? पेन टेकवलं होतं ना वहीला? मी बघत होतो कोण कोण गळाला लागतं. बिसेसर तर रडायच्या बेतात होता."

एक-दोन क्षण कुणाला उमगलं नाही. मग कडेला उभ्या असलेल्या तरुणांतला एक जण फिस्सकन हसला, बिसेसरने कपाळावर हात मारला, आणि सगळ्या शेडने एकदम श्वास सोडला. मला वाटलंच होतं, असं चौघे जण एकाच वेळी म्हणाले. लेपानीने शेडच्या कडेला काढलेली आपली एक चप्पल उचलून काखेत मारली आणि तो काथवटीभोवती पळायला लागला.

"हा बघा तुमचा चौदा नंबर. निघाला अर्ध्या मैदानावरून. एकाला चुकवलं. दुसऱ्याला चुकवलं. तिसरा बिचारा स्वतःच घसरून पडला, त्याचं श्रेयही ह्यानेच घेतलं. समोर कोणी नाही. कुत्रंसुद्धा नाही. रेषा ओलांडली. आता काय करायचं असतं? वाकायचं, चेंडू टेकवायचा, घरी जायचं. पण साहेब वाकतात कसले? साहेबांनी मान वर केली. तिसऱ्या रांगेत माझी बहीण बसली होती. ती बघतेय की नाही, हे आधी बघायचं होतं साहेबांना."

तो थांबला. इथे दर वर्षी तो थांबतो.

"ती बघत नव्हती. ती शेंगदाणे सोलत होती."

हसण्याचा असा गडगडाट झाला की चुलीपासून वासिती दारात आली. लेपानीने चप्पल हातातून निसटवली, गुडघ्यावर आपटली, आणि ती नेमकी मास्तरांच्या वहीवर जाऊन पडली. हे ठरवून झालं की आपोआप, कोण जाणे. एवढं करून बहीण आमचीच पळवली, तो म्हणाला. गेल्या वर्षी हरकत इथेच संपवून तो खाली बसला होता. यंदा बसला नाही.

"आणि आता तर ह्याला वाका म्हणायची सोयच नाही. बघा ना, पोट धरल्याशिवाय खोकतासुद्धा येत नाही. असला माणूस देशाच्या संघात? माझ्या घरचा कुंपणाचा दरवाजा उघडायला ह्याला मी ठेवणार नाही. माझी हरकत आहे. कालही होती, आजही आहे, आणि पुढच्या वर्षीही मी इथे उभं राहून हेच सांगणार."

सर्वांत आधी साकिउसा हसला. डोकं मागे टाकून, डोळे मिटून, अगदी पोट धरून हसला, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे त्यात वेगळं काही दिसलं नाही. बिसेसरने टाळीसाठी हात वर केले होते. लेपानीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मुकाट्याने मांडीवर ठेवले.

मास्तर काही वेळ साकिउसाच्या हाताकडे बघत होते. त्याने पुढची करवंटी घेतली होती, आणि उजव्या हाताचं मधलं बोट बाकीच्यांपासून बाहेर वळलेलं, काही केल्या न मिटणारं, करवंटीला टेकत नव्हतं. एकेचाळीस वर्षांत त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग त्यांनी लेपानीची चप्पल वहीवरून उचलून बाजूला ठेवली आणि दुसरं नाव सुचवा म्हणाले.

सोमवारी सकाळी लेपानी दालोचे दोन कंद आणि नदीतला एक मासा घेऊन साकिउसाच्या घरी आला तेव्हा रेडिओवर आमच्या गावाचा संघ वाचून झाला होता. पंधरातले नऊ याच नदीच्या काठचे निघाले, त्यावर निवेदक मिस्कीलपणे काहीतरी बोलला होता. चौदा नंबर सुवाच्या एकाला गेला होता. वासितीने रेडिओ बंद केला होता आणि ती दारातच उभी होती. तिने मासा घेतला नाही.

"मामा, बाहेर या," ती म्हणाली, आणि त्याला पायरीपासून लांब नेलं. रात्रभर झोपली नसावी. "दर वर्षी तुम्ही करता, मी काही बोलत नाही. पण ह्या वर्षी? सगळं माहीत असताना? एक नाव घालायचं होतं फक्त. त्यांच्या पोटावरून थट्टा केलीत. मी दारातून ऐकलं. नेहमीसारखं राहा म्हटलं होतं मी, म्हणून एवढं नेहमीसारखं?"

लेपानी तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. त्याच्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायचं नव्हतं. हातातला मासा ओघळत होता. चुकलं माझं, असं तो शेवटी म्हणाला. ती आणखी काही बोलली असती, पण तिने तोंड फिरवलं.

"वासिती," आतून साकिउसाने हाक मारली. "मामाला काय शाळा शिकवतेस? माणूस सकाळचा आलाय, चहा टाक त्याला. साखर कमी. फुकटचं पितो."

तिने डोळे पुसले, मासा हिसकावून घेतला आणि ती स्वयंपाकघरात गेली. लेपानी आत आला. साकिउसा चटईवर आडवा होता, उशाशी रेडिओ होता. त्याने थोडं सरकून लेपानीला जागा करून दिली. लेपानी शेजारी आडवा झाला. पलीकडून भांडी आदळल्याचा आवाज येत होता.

"तो सुवावाला," साकिउसा म्हणाला. "चौदा नंबरचा. मी त्याच्यापेक्षा बरा होतो."

लेपानीने दाराकडे पाहिलं. वासिती अजून चुलीपाशीच होती.

"पुष्कळच," तो म्हणाला.